गोलपोस्टपुढचं तण
(मंडळाच्या बागकाम गटापुढे केलेलं भाषण)



सॉफ्टवेअरवाला तणावर बोलायला उभा राहिलाय म्हणून घाबरू नका. आज फक्त एकाच रोपाबद्दल सांगणार आहे, आणि ते तुम्ही सगळ्यांनी तुडवलेलं आहे!

ड्राइव्हवेच्या कडेला, मेलबॉक्सपाशी, फूटपाथच्या फटीत आणि मुलांच्या सॉकरच्या मैदानावर नेमकं गोलपोस्टपुढे, जमिनीला चिकटून पसरलेलं निळसर हिरवं रोप दिसतं ना? तेच प्रोस्ट्रेट नॉटवीड. शास्त्रीय नाव पॉलिगोनम अविक्युलारे, लिनियसने १७५३ साली दिलेलं. काडी जवळून बघा, प्रत्येक पेराला पातळ पापुद्रा गुंडाळलेला असतो. आपला आंबट चुका याच कुळातला बरं का!

आता ते तिथेच का उगवतं? माती तुडवून घट्ट झाली की तिच्यात हवा खेळत नाही, पाणी मुरत नाही, आणि गवताची मुळं गुदमरतात. हे रोप मात्र तिथेही तग धरतं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठसुद्धा सोसतं. आयुष्य एकाच मोसमाचं. हिवाळ्याची थंडी खाल्लेलं बी बर्फ वितळताच, क्रॅबग्रासच्याही आधी उगवतं. म्हणून फोर्सिथिया फुलल्यावर टाकलेलं क्रॅबग्रासचं औषध याला उशिराच पडतं. फ्रॉस्ट पडला की रोप मरतं, पण बी मातीत कित्येक वर्षं टिकतं.

नुसतं औषध मारलं तर रोप मरेल, पण माती घट्टच राहील आणि पुढच्या मार्चमध्ये पाहुणा परत हजर! आमच्या धंद्यात एरर मेसेज लपवला म्हणजे बग गेला असं होत नाही, तसंच हे. शिवाय ज्या जागी औषध मारायचं, तिथेच आपली पोरं लोळतात.

मग करायचं काय? उत्तरेकडच्या राज्यांत सप्टेंबरमध्ये कोअर एरेटर भाड्याने आणा, माती मोकळी करा, वर थोडं कंपोस्ट पसरा आणि गवताचं बी टाका. जिथून रोज येजा होणारच, तिथे गवताचा हट्ट सोडा. सरळ फरशा बसवा किंवा वूड चिप्स टाका.

आणि हे रोप दिसलं तर दुकानात पळण्याआधी एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. ओल्या मातीतही तो सहज आत जात नसेल, तर दुखणं कुठे आहे ते कळलंच!