विद्यापीठाच्या अंगणातली शाळा



वैद्यकीय महाविद्यालय काढायचं तर त्याला रुग्णालय जोडलेलं असावं लागतं. कृषी विद्यापीठाला प्रक्षेत्र लागतं. मग शिक्षक घडवणाऱ्या, शिक्षणशास्त्रात पीएच.डी. देणाऱ्या विभागाला स्वतःची शाळा नसली तरी कसं चालतं? आपल्याकडे ते वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि त्याची किंमत वर्गातली मुलं मोजत आहेत. म्हणून आज मी प्रयोगशाळा-शाळांविषयी, म्हणजे विद्यापीठाने स्वतः चालवलेल्या शाळांविषयी बोलणार आहे.

जॉन ड्यूई १८९४ साली शिकागो विद्यापीठात आले. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र असा तिन्हींचा मिळून एक विभाग त्यांच्याकडे होता. मूल कसं शिकतं याविषयी नुसती व्याख्यानं देऊन भागणार नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं. जानेवारी १८९६ मध्ये एका राहत्या घरात त्यांची शाळा सुरू झाली. मुलं १६, शिक्षक दोन. ‘लॅबोरेटरी स्कूल’ हे नाव सुचवलं एला फ्लॅग यंग यांनी. या बाईंची हयात शिकागोच्या सरकारी शाळांत गेली होती. १९०९ मध्ये त्या शहराच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख झाल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या ड्यूईंच्या पत्नी अ‍ॅलिस. ड्यूईंचं नाव घेताना या दोघींना वगळायची सवय आपण सोडली पाहिजे.

त्या शाळेत काय चालायचं? एकच पाठ जवळून पाहू. मुलांच्या हातात कच्ची लोकर आणि कापसाची बोंडं दिली. प्रश्न असा, की माणसाने लोकरीचे कपडे आधी वापरले आणि सुती मागाहून, हे का? पुस्तकात उत्तर शोधायचं नव्हतं. मुलं बोंडं सोलायला बसली, सरकीपासून रुई सुटी करायला लागली. अर्धा तास खपून हाती आली औंसभरापेक्षाही कमी रुई. आपल्या यवतमाळ-अकोल्याकडच्या माणसाला सरकी रुईला किती घट्ट धरून बसते हे सांगावं लागत नाही. शिकागोतल्या मुलांना ते बोटं दुखल्यावर कळलं. मग त्यांनी धागे ताणून पाहिले. लोकरीचा तंतू लांब आणि खरखरीत, एकमेकाला धरून राहतो. कापसाचा आखूड आणि गुळगुळीत, तो सुटून जातो. तिथून पिंजणं आलं, चाती आली, चरखा आला, सरकी काढण्याचं यंत्र आलं, आणि त्या यंत्राने बदललेला अमेरिकेचा इतिहास आला. भूगोल, विज्ञान, इतिहास असे तास पाडावे लागले नाहीत.

पण असे पाठ चांगल्या शिक्षकाच्या वर्गात कुठेही होऊ शकतात. या शाळेचं वेगळेपण शाळा सुटल्यावर सुरू व्हायचं. शिक्षक आपल्या कामाचे लेखी अहवाल ठेवत, आठवड्याला बैठक होई, तिथे ड्यूई आणि त्यांचे सहकारी बसत. काय जमलं, काय फसलं, कुठे मूल कंटाळलं, यावर बोलणं होई. आणि त्यातून सिद्धान्तही बदलत. सुरुवातीला वाटलं होतं, की एका गटाला एकच शिक्षक असावा. अनुभव उलटा आला. सगळ्या विषयांत खोल जाणारा एक माणूस मिळत नाही. तेव्हा त्या त्या विषयाचे जाणकार नेमायचं ठरलं. माझ्या मते या शाळेतली सर्वांत मोलाची घटना हीच. इतक्या मोठ्या प्राध्यापकाचं म्हणणं वर्गाने तपासलं, आणि प्राध्यापकाने ते मान्य केलं.

१९०२ पर्यंत तिथे १४० मुलं आणि २३ शिक्षक होते, शिवाय विद्यापीठाचे दहा विद्यार्थी मदतनीस. मग दुसऱ्या एका शाळेशी विलीनीकरण झालं, त्यातून अ‍ॅलिस यांच्या पदाचा वाद उभा राहिला, आणि १९०४ मध्ये ड्यूई राजीनामा देऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथेच पुढे डॉ. आंबेडकर त्यांच्या वर्गात बसले. शिकागोची शाळा आजही आहे, मोठी आहे, नावाजलेली आहे. पण फी जबर, आणि प्राध्यापकांच्या मुलांची संख्या मोठी. अमेरिकेतल्या अशा अनेक शाळा पुढे बंद पडल्या, आणि ज्या टिकल्या त्यांतल्या बऱ्याच नुसत्या ‘चांगल्या शाळा’ होऊन राहिल्या. ज्या शाळेत आधीच सुस्थितीतली मुलं शिकतात, तिथे लागलेला शोध जिल्हा परिषदेच्या शाळेत लागू पडेल याची खात्री कोण देणार?

पालकांचा एक आक्षेप रास्त आहे: आमच्या मुलांवर प्रयोग कशाला? मी त्यांना इतकंच विचारतो, की अभ्यासक्रम बदलतो, परीक्षेची पद्धत बदलते, तेव्हा काय होतं? प्रयोगच होतो, राज्यातल्या लाखो मुलांवर एकाच दिवशी, आणि त्याची नोंद वर्गात बसून कुणी ठेवत नाही. १४० मुलांवर, डोळ्यांत तेल घालून, पालकांना सांगून केलेला प्रयोग त्यापेक्षा कितीतरी जबाबदार आहे.

इतर देशांनी हे आपापल्या रीतीने केलं. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत. तिथले वर्गशिक्षकच भावी शिक्षकांचे मार्गदर्शक असतात. जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाची संलग्न प्राथमिक शाळा १८७३ पासूनची. तिथला शिक्षक शेकडो शिक्षकांसमोर प्रत्यक्ष मुलांना शिकवतो आणि मग त्या पाठाची खुली चिकित्सा होते.

आपल्याकडे १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं निघाली आणि त्यांना प्रात्यक्षिक शाळा जोडल्या गेल्या. त्याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यातल्या अंगणात मुलं जमवली, शंख-शिंपले-बिया हीच साधनं केली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अंगणवाडीची कल्पना तिथे रुजली. ती अस्सल प्रयोगशाळा होती, आणि तिच्यामागे कोणत्याही विद्यापीठाचा विभाग उभा नव्हता.

आणि आमचा बी.एड.चा विद्यार्थी? तो उसन्या शाळेत पाठ घ्यायला जातो. वर्गशिक्षक वह्या तपासायला निघून जातात. निरीक्षक मागच्या बाकावर थोडा वेळ बसतात, टाचणवहीत ‘फलकलेखन सुधारावे’ असा शेरा देतात आणि पुढच्या वर्गात जातात. २०१४ च्या नियमांनी शाळेतला काळ वीस आठवड्यांवर नेला, हे चांगलं झालं. पण मूल अपूर्णांकाशी का अडलं, हे दुसऱ्या दिवशी कुणाबरोबर बसून बोलायचं, ते ठिकाण अजून नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाने जवळची एक महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षकांच्या संमतीने, दहा वर्षांसाठी आपली मानावी. मुलं त्याच वस्तीतली राहावीत, निवड परीक्षा नको. प्राध्यापकाने आठवड्यातून निदान एक तास स्वतः शिकवावं आणि त्या तासावर शाळेतल्या शिक्षकाने अभिप्राय लिहावा. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांची बैठक व्हावी. तिचं टिपण गुजराती, उर्दू, हिंदी, मराठी, ज्या माध्यमाची शाळा असेल त्या भाषेत, साध्या शब्दांत लिहावं, आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही शिक्षकाला मागताच मिळावं.