तळपदे यांचे विमान आणि वाशीमचा ताम्रपट



१७ डिसेंबर १९०३ रोजी राईट बंधूंचे विमान माणसासह १२ सेकंद हवेत राहिले. ब्राझीलमध्ये मात्र आजही १९०६ साली उडालेल्या सांतोस-द्युमाँ यांना पहिला मान दिला जातो. महाराष्ट्रात शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघते : साल १८९५, मुंबईची चौपाटी, मानवरहित ‘मरुत्सखा’.

पारतंत्र्याच्या काळात प्राचीन ग्रंथांतून विमानविद्या धुंडाळणारा हा मुंबईकर वंदनीयच आहे. परंतु उड्डाणाचे समकालीन वृत्त कोठे आहे? ‘केसरी’चे नाव घेतले जाते, अंक कोणी पुढे ठेवीत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार दिला जातो, ते पं. सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहविले. तळपदे १९१६ सालीच निवर्तले होते! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तो ग्रंथ तपासला आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष काढला. त्यांना मेकॉलेपुत्र म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तेही संस्कृत ग्रंथ उघडूनच बसले होते.

वाशीमला पुराव्याचे मोल ठाऊक आहे. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला अज्ञात होती. १९३९ मध्ये द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट येथे उजेडात आला आणि इतिहासकारांना वंशावळ नव्याने मांडावी लागली. तळपदे यांच्यासाठी तसाच अस्सल कागद जुन्या वृत्तपत्रांच्या संचिकांत शोधला पाहिजे. तो हाती येईपर्यंत बालांच्या बौद्धिकात त्यांची जिद्द सांगावी, ‘पहिले विमान’ सांगू नये.