हाड बांधणारे हात आणि कायदा

(मंडळीत उपासनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या खेपेला मी येथे आले होते तेव्हा आपल्यापैकी एका काकांनी मला विचारले होते, "त्या हाडवैद्याला तुम्ही पोलिसांत का दिले नाही?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज देते.

घटना काहींना ठाऊक आहे. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा आठ वर्षांचा मुलगा मोहाच्या झाडावरून पडला. कोपराखाली उजवा हात मोडला. हाडांचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि गाडीरस्ता पाड्यापासून दोन तासांच्या पायवाटेवर. घरच्यांनी त्याला शेजारच्या पाड्यावरच्या हाडवैद्याकडे नेले. त्याने हात ओढून सरळ केला, पाला लावला आणि बांबूच्या कामट्या घालून घट्ट आवळला. मुलगा रात्रभर रडला. दुसऱ्या दिवशी बोटे सुजून काळीनिळी पडली. हाड मोडले म्हणजे दुखणारच, असे समजून घरचे थांबले. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. रुग्णालयात हात वाचला, पण बोटे आखडली ती आखडलीच. तो आता डाव्या हाताने लिहायला शिकतो आहे.

त्या रागात मी कायदा वाचायला बसले. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चा. त्याच्या ३३व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाने वैद्यकी करणे हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे. केरळातल्या पारंपरिक वैद्यांच्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले की, पात्रता आणि नोंदणी नसताना केवळ परंपरेच्या जोरावर वैद्यकी करता येणार नाही. कायदा स्पष्ट होता. तरी माझे पाऊल पोलीस ठाण्याकडे वळेना. त्याला आत टाकले तर पुढच्या मुलाचा हात कोण धरणार?

असा प्रश्न दुसरीकडे कुणापुढे आला होता का, हे शोधताना अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिकची हकीकत वाचनात आली. हाताने मणके दाबून, सरकवून करायचा हा उपचार. आता आपल्या शहरांतही तो करणारे दिसतात. १८९५ साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी तो सुरू केला. पाठीचा मणका दाबून हार्वी लिलार्ड नावाच्या झाडूवाल्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. त्यांनी दंडाऐवजी तुरुंग पत्करला आणि काही दिवसांनी दंड भरून ते बाहेर आले. पुढे कितीतरी कायरोप्रॅक्टर तुरुंगात गेले. पण रोगी जायचे थांबले नाहीत. १९०७ साली विस्कॉन्सिनमध्ये शेगातारो मोरिकुबो यांच्यावर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला झाला. आमची विद्या निराळीच आहे, हा बचाव चालला आणि ते सुटले. म्हणजे बंदीच्या कायद्याने उपचार बंद झाला नाही, आणि उपचार करणाऱ्याला कुणी शिकवलेही नाही.

मग राज्यांनी वाट बदलली. कॅन्सस राज्याने १९१३ साली परवान्याचा पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियात १९२२ साली लोकांच्या मतदानाने तो झाला. लुइझियाना शेवटचे, १९७४ साली. आज तेथे प्रत्येक राज्याचे मंडळ आहे. मान्य महाविद्यालयाची पदवी आणि परीक्षा झाल्यावाचून परवाना नाही. कुठवर हात लावायचा याची हद्द कायदा घालतो. बहुतेक राज्यांत औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे हद्दीबाहेर आहे. चूक केली तर परवाना जातो, आणि परवान्यावाचून धंदा केला तर तो आजही गुन्हाच आहे. परवाना मिळाला म्हणून पामरांचा प्रत्येक दावा खरा ठरला, असे मात्र नव्हे. पण रोग्याला दाद मागायला एक दार मिळाले.

आपल्या पाड्यांवर असे दार नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेची पारंपरिक उपचारकांसाठी प्रमाणपत्राची एक ऐच्छिक योजना आहे, तीत हाड बसवणेही येते. पण ते प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीचा परवाना नव्हे. तेव्हा कायदा मोडायचा नाही आणि मुलांचे हातही जाऊ द्यायचे नाहीत, एवढे आम्ही ठरवले.

मी त्या हाडवैद्याकडे गेले. तो म्हातारा मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "ताई, बांधायचं मला बापानं शिकवलं. सोडायचं कधी, ते कोणी सांगितलंच नाही."

आता तो आणि आणखी काही हाडवैद्य आमच्या परिचारिकेबरोबर बसतात. आम्ही त्यांना डॉक्टरकी शिकवत नाही. हाड ओढायचे नाही, चोळायचे नाही. मोडलेला भाग आहे तसा कामट्यांच्या आधाराने सैल बांधायचा. बोटे पाहायची: रंग बदलला, गार पडली, मुंग्या आल्या, हलेनात, तर बांधलेले तत्काळ सैल करायचे. हाड बाहेर आले असेल तर स्वच्छ फडके झाकायचे, बाकी काही नाही. आणि प्रत्येक वेळी, त्याच दिवशी, रुग्णालय. रस्त्यापर्यंत झोळी, तेथून १०८ची गाडी. ती वेळेवर मिळाली नाही तर आपली जीप.

प्रभूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, एवढेच आपल्या लक्षात राहते. पण तो बांधून थांबला नाही. आपल्या जनावरावर बसवून त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, आणि पुढच्या खर्चाचे पैसे पदरचे दिले.

काका, मी तक्रार केली नाही. पण त्या म्हाताऱ्याला मी स्पष्ट सांगितले आहे: पुन्हा हाड ओढून घरी ठेवलेत, तर मीच ठाण्यात जाईन. त्याने मान डोलावली. त्या मुलाच्या बोटांसाठी माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आणि जीपच्या डिझेलसाठी पेटीत काही टाकता आले, तर तेही टाका.