उंचीप्रमाणे बेतलेला कोट



मी महाविद्यालयात व्हॉलीबॉल शिकवतो. त्यामुळे सहा फूट, सहा फूट दोन इंच, कधी त्याहूनही उंच अशी मुलं सतत माझ्या आसपास असतात. मैदानावर त्या उंचीचं आम्हाला कौतुक. पण शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती लागतात, ‘ब्लेझर आवश्यक’ अशी सूचना येते, आणि हीच मुलं बाजारातून खट्टू होऊन परततात. बाही मनगटाच्या वर राहिलेली, कोट कमरेच्या जरासा खाली येऊन संपलेला, आणि किंमत पाच-सहा हजार. दुकानात सांगतात, हल्ली अशीच फॅशन आहे. शेतकऱ्याच्या किंवा एसटी कंडक्टरच्या घरातल्या मुलाने एवढे पैसे घालून अंगाला न बसणारा कोट आणावा, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आज उंच पुरुषाच्या कोटाविषयी थोडं सविस्तर बोलणार आहे.

तयार कोटावरचा ३८, ४०, ४२ हा आकडा छातीचा असतो, इंचांत. इंग्लंड-अमेरिकेत त्या आकड्यापुढे आणखी एक शब्द असतो: शॉर्ट, रेग्युलर किंवा लाँग. म्हणजे ४० छातीचाच कोट तिथे तीन उंचींत मिळतो. लाँगमध्ये कोटाची उंची आणि बाही साधारण इंचभर किंवा थोडी जास्त असते, आणि त्या बेताने कमरेचं बटण आणि खिसेही खाली घेतलेले असतात. जर्मनीत तर उंच-सडपातळ अंगासाठी ९४, ९८, १०२ असे निराळेच आकडे आहेत. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी हंगाम संपतानाच्या सेलमध्ये हे आकडे जरूर शोधावेत.

आपल्याकडे छातीचे आकडे आले, पण उंचीचे प्रकार दुकानांपर्यंत फारसे पोचले नाहीत. दुकानदाराची अडचण मला कळते. आपल्या पुरुषांची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास. प्रत्येक मापाचे तीन प्रकार ठेवायचे तर भांडवल अडकतं आणि लाँग कोट हँगरवरच राहतो. त्यात गेल्या वीसेक वर्षांत आखूड कोटाची लाट आली. न्यूयॉर्कच्या थॉम ब्राउन या डिझायनरने मुद्दाम आखडलेला कोट गाजवला आणि त्याची सौम्य रूपं जगभरच्या दुकानांत पोचली. साडेपाच फुटी माणसाला ते कोट बरे दिसतात. सहा फुटांच्या माणसाची मात्र त्यांनी पार पंचाईत केली.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) यांनी ‘इंडियासाइज’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने, अंगाला हात न लावता घ्यायची आणि त्यावरून आपल्या देशाचा मापांचा तक्ता बांधायचा, अशी ती योजना. तयार कपड्यांच्या तक्त्यांत छातीइतकाच मान उंचीला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पण मुलाखत तर पुढच्या महिन्यात आहे. मग मुलगा काय करतो? छाती ४० असताना ४४ चा कोट घेतो. बाही पुरते, पण खांदा दंडावर उतरतो आणि मानेमागे कॉलर उभी राहते. वरून कोणीतरी धीर देतं, की टेलर करून देईल. टेलर काय करू शकतो ते नीट समजून घ्या. तो कोट बाजूंनी आत घेऊ शकतो, बाही आखूड करू शकतो. खांदा कमी करायचा तर बाही आणि कॉलर उसवावी लागते. ते काम महागही पडतं आणि क्वचितच साफ होतं. कोटाची उंची तर वाढतच नाही, कारण खाली दुमडीत तेवढं कापडच नसतं. आणि छातीखाली, चुकीच्या जागी आलेलं बटण कोणताही कारागीर बेंबीपाशी आणू शकत नाही, कारण काज कापलेलं असतं आणि खिसे बसलेले असतात.

तरीही तयार कोट घ्यायचाच असेल, तर आधी खांदा पाहा. खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. मग पाठमोरं उभं राहून सोबतच्या माणसाला विचारा, कोटाने बैठक झाकली का? सहा फूट दोन इंचांच्या माणसाला कोटाची उंची साधारण ३१-३२ इंच लागते. स्लिम फिटचे बरेच कोट २८-२९ इंचांवर थांबतात. बाही थोडीच कमी पडत असेल तर तिच्या टोकाशी आत बोटांनी चाचपा. इंच-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, असली तर बाही तेवढी सुटते. मनगटावरची काजं मात्र खरोखर कापलेली असतील तर तो कोट खुशाल परत ठेवा. बाही सोडली की ती काजं वरच राहतात.

माझं मत स्पष्ट आहे. उंची सहा फुटांच्या वर असेल तर कोट शिवूनच घ्यावा. शिवून घेणं ही श्रीमंतांची चैन, असा समज आपल्याकडे आता रुजला आहे, आणि तो चुकीचा आहे. मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ, नागपुरात गांधीबाग, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी कापडपेठ आहेच. राजस्थानातल्या भिलवाड्याकडचं पॉली-व्हिस्कोज सुटिंग मीटरला साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतं आणि पहिल्या कोटाला ते पुरेसं चांगलं असतं. ५८ इंच पन्ह्याचं कापड इतरांना दोन मीटर लागतं, उंच मुलाने सव्वादोन ते अडीच मीटर घ्यावं. कटपीसच्या दुकानात हेच आणखी स्वस्त पडतं. फक्त तुकडा पूर्ण मोजून घ्यावा. रंग नेव्ही ब्लू. तो मुलाखतीला चालतो, बहिणीच्या लग्नालाही चालतो.

टेलर शोधताना जिल्हा न्यायालयाच्या आसपास चौकशी करा. वकिलांचे काळे कोट शिवणारे कारागीर तिथे सापडतात. ज्याच्या हातून वर्षभर कोटच जातात, त्याची शिलाई चकचकीत शोरूमपेक्षा कमी असते आणि हात जास्त बसलेला असतो. लहान गावात शिलाई दोन-अडीच हजारांत होऊ शकते, शहरात जास्त. म्हणजे कापड, अस्तर, शिलाई धरून बहुतेक ठिकाणी हिशेब तयार कोटाच्या किमतीच्या आतबाहेरच राहतो.

माप देताना कोटाखाली घालायचा तोच शर्ट आणि तेच बूट घाला. खेळाडूंचा एक हात, एक खांदा पुष्कळदा थोडा वेगळा असतो, म्हणून माप दोन्ही बाजूंचं घ्यायला लावा. टेलर मास्तरांना सांगा, ‘बाहीत दोन इंच आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवा.’ विसाव्या वर्षी सडपातळ असलेलं अंग पंचविशीत भरतं, आणि हीच माया तेव्हा नवा कोट वाचवते. आतलं फ्यूजिंग, म्हणजे कापडाला आतून चिकटवलेला थर, चांगल्या प्रतीचं मागा. हलकं असलं तर दोन-चार ड्रायक्लीनिंगनंतर लॅपलवर फुगे येतात. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखातल्या लग्नाला घालायचा असेल तर पाठीला अर्धंच अस्तर लावून घ्या.

सगळ्यात महत्त्वाची ती कच्च्या शिवणीवरची ट्रायल. तिथे घाई करू नका. हात पुढे करून पाहा, खुर्चीवर बसून पाहा, शर्टाचा कफ बाहीखाली अर्धा इंच दिसतो का पाहा. या टप्प्यावर खडूची एक रेघ मारून दुरुस्ती होते. काजं झाल्यावर होत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मास्तरांना मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे कोट लागेल त्याच्या महिनाभर आधीच कापड द्या.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी एक विनंती आहे. ब्लेझर सक्तीचा करता, तो एकाच ठेकेदाराकडून एकगठ्ठा मागवता, आणि अर्जावर स्मॉल, मीडियम, लार्ज एवढेच तीन रकाने असतात. त्या अर्जात उंचीचा आणि बाहीचा रकाना घाला. सोलापूरसारख्या गणवेशाच्या मोठ्या पेठेतले उत्पादक आधी सांगितलं तर निराळ्या मापाची ऑर्डर घेऊ शकतात. आणि उंच मुलांनो, अंगाला बसत नसलेला कोट ‘चालेल’ म्हणून घेऊ नका. माप लिहिलेली चिठ्ठी मास्तरांकडून मागून घ्या, जपून ठेवा, आणि ट्रायल झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.