रुग्णाच्या अंथरुणाशी धम्माची कसोटी
(वर्षावासातील प्रवचनमालेत नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेले भाषण)



14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आपल्या समाजाला धम्माचा मार्ग दाखविला. त्या मार्गावरील आपल्या निष्ठेची कसोटी विहारातील वंदनेपेक्षा रुग्णाच्या अंथरुणाशी अधिक लागते. कर्करोगाने वा पक्षाघाताने माणूस खिळला आणि डॉक्टरांनीही हात टेकले, की कोणी अंगारा आणतो, कोणी गतजन्मीचे पाप म्हणून मोकळा होतो. ज्या पूर्वकर्माच्या सबबीवर आपल्या वाडवडिलांची गुलामगिरी न्याय्य ठरविली गेली, तीच सबब रुग्णाच्या उशाशी नेऊन ठेवणे बौद्ध घराला शोभते काय? रोग बरा होण्यापलीकडे गेला, तरी वेदना कमी करता येते. याच शुश्रूषेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचावर निजविले. मग भिक्षूंना त्यांनी बजावले की, माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी. सेवकाने औषध तयार करावे, पथ्यापथ्य जाणावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि धम्मवचनाने रुग्णाला धीर द्यावा, हेही तेथेच सांगितले आहे.

हे आजही शक्य आहे. केरळात कोझिकोड येथे 1993 साली असे कार्य सुरू झाले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारीपाजारी स्वयंसेवक होऊन घरोघर जाऊ लागले, आणि 2008 साली त्या राज्याच्या सरकारने या सेवेचे धोरणच जाहीर केले. स्वयंसेवकाचे काम साधे आहे: प्रशिक्षित परिचारिकेकडून शिकून रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलण्यास घरच्यांना मदत करणे, शय्याव्रण होऊ न देणे, तोंड स्वच्छ ठेवणे, औषधाच्या वेळा पाळणे आणि शांतपणे ऐकणे. औषधाचे प्रमाण मात्र त्याने स्वतः कधीच बदलू नये.

घरातील सेवेचे ओझे बहुधा एकट्या सुनेवर वा लेकीवर पडते. बंधूंनो, ते काम केवळ स्त्रियांचे मानणे ही विषमताच आहे. आठवड्यातून दोन तास तिला उसंत द्या.

असह्य वेदनेवर मॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. ते मिळण्यातील अडचणी कमी व्हाव्यात म्हणून 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. व्यसनाच्या भीतीने रुग्णाला तळमळत ठेवू नका. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. वेदनेपासून सुटका ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो माणुसकीचा हक्क आहे.

एक मर्यादा पाळा. रुग्णशय्या हे धर्मप्रचाराचे स्थान नव्हे. दुर्बल क्षणी कोणाचे मत वळवू नका. त्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहू द्या. आणि ज्या घरांनी एके काळी आपल्या स्पर्शाचा विटाळ मानला, तेथील रुग्णाच्या हाकेलाही धावून जा. ज्या हातांना अस्पृश्य म्हटले गेले, त्यांनीच वेदना हलकी करावी, यापेक्षा समतेचा मोठा पुरावा कोणता?

प्रत्येक विहाराने पाच जणांचे पथक उभारावे, ही माझी विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!