निबर होऊ द्या

२०२२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी अम्मा तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. डोळ्यांनी तिला जवळजवळ दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं कळायचं. अंघोळीला मी बाजारातून प्लॅस्टिकच्या जाळीची घासणी आणून दिली. तिनं ती दोन बोटांत चुरगाळली आणि परत केली.

‘ही मासळीची जाळी कुठनं आणलीस रे? घोसाळ्याची घासणी आण.’

आमच्या सांगलीकडच्या जुन्या घराच्या परसात कुंपणावर घोसाळ्याचा वेल असे. नाशिक-खानदेशात ज्याला गिलकं म्हणतात तेच हे. कोवळी फळं भाजीला आणि भज्यांना जात. दोन-चार मात्र मुद्दाम वेलावर राखलेली असत. ती वाळून खडखडीत झाली की अम्मा त्यांची सालं काढी आणि तुकडे बंबाशेजारच्या खुंटीला अडकवी. एक माणसांसाठी, एक भांड्यांसाठी. त्यांची गल्लत झाली तर पाठीत धपाटा ठरलेला.

आता परस नाही, गच्ची आहे. मी दुकानातून घोसाळ्याच्या बियांची पुडी आणली, मोठ्या ड्रममध्ये माती आणि शेणखत भरून मृगात बी लावलं. वेल छान चढला. रोज संध्याकाळी मी अम्माला बातमी देई. एकदा म्हणालो, ‘अम्मा, आत्ताच पिवळी फुलं उमललीत, सगळी गच्ची उजळलीय.’

‘आत्ता? दिवेलागणीला?’

‘हो.’

‘मग ते दोडकं आहे. घोसाळं पहाटे फुलतं.’

ती म्हणाली तेच खरं होतं. दोडका संध्याकाळी फुलतो, घोसाळं पहाटे. महिन्याभरात शिरा असलेले दोडके लटकू लागले. दोडकाही वाळला की आत जाळी होते, पण त्याच्या शिरांवरून साल नीट सुटत नाही. पुडीवरचं चित्र घोसाळ्याचं होतं, दुकानदारानं हात वर केले. आम्ही दोडक्याची भाजी खाल्ली, शिरांची चटणी खाल्ली. पण एक वर्ष गेलं, आणि ब्याऐंशीव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय, हे तिला आणि मला दोघांनाही कळत होतं. ती बोलली मात्र काही नाही.

पुढच्या वर्षी गावाकडच्या मावसबहिणीकडून बी मागवलं. काळं, चपटं, कडेला बारीक पाळ असलेलं. अम्मानं ते बोटांनी चाचपून पास केलं. रात्रभर भिजवून लावलं. या वेलाला दिवसातलं निदान सहा तास ऊन हवं आणि मांडव पक्का हवा. फळ लटकत राहिलं तर सरळ वाढतं, जमिनीला टेकलं की वाकतं नाहीतर कुजतं.

ऑगस्टमध्ये फुलं आली आणि गळू लागली. मी घाबरलो. मी बी. ए. झालेला माणूस, वेलींवर कविता पुष्कळ लिहिल्या, पण नर फूल कोणतं आणि मादी कोणतं हे पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं! नर फुलं घोसानं येतात, आधी येतात आणि गळून जातात. मादी फूल एकटं येतं आणि येतानाच पाठीशी बोटाएवढं घोसाळं घेऊन येतं. मग फळमाशीनं गाठलं. तिनं डंख केलेली कोवळी फळं पिवळी पडून वाकडी होत. जी राहिली त्यांना मी वर्तमानपत्राच्या पिशव्या बांधल्या. शेवटी पाच फळं राखली, बाकीची खुडली. वेलाची ताकद वाटली जाऊ नये म्हणून.

शेजारच्या वहिनींना ती पाच फळं बघवेनात. ‘अहो भाई, तोडा ना! निबर झाली, फुकट जातील.’ मी रोज हसून मान डोलवी. घोसाळं घासणीसाठी तयार व्हायला बी लावल्यापासून पाच-सहा महिने लागतात. रंग तपकिरी झाला, फळ हाताला हलकं लागलं आणि हलवल्यावर आत बिया वाजल्या, की काढायचं. डिसेंबरात अम्माला गच्चीवर आणून खुर्चीत बसवलं आणि एक फळ तिच्या कानाशी वाजवलं. ‘झालं,’ ती म्हणाली.

पाण्यात भिजवून साल काढली, बिया झटकल्या, चारदा धुऊन उन्हात ठेवलं. कोरडी घासणी बरीच राठ असते, पण कोमट पाण्यात घातली की मऊ पडते. अम्माची कातडी कागदासारखी झाली होती, म्हणून मी भीतभीतच पाठीवरून फिरवली. ‘नीट घास रे, मी काय काचेची आहे?’

त्या दिवशी मी तिला सांगितलं, की परदेशात याला ‘लुफा’ म्हणतात आणि तो शब्द मूळचा अरबी आहे, आणि प्लॅस्टिक यायच्या आधी जहाजांच्या इंजिनांत तेल गाळायलाही ही जाळी वापरत. अरबीचं तिला कौतुक वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

‘आणि घोसाळं कुणाचं?’

‘आपलं.’

‘मग तेच म्हण.’

एक गोष्ट तिनं रोज तपासली. वापरून झाल्यावर घासणी पिळून वाऱ्यावर अडकवली की नाही. ओली मोरीत पडली तर बुरशी धरते, अंगाला अपाय होतो. महिना-दीड महिन्यानं अंगाचा तुकडा भांड्यांकडे जायचा आणि नवा यायचा. पाच फळं तिला पुरून उरली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये अम्मा गेली. वेल तेव्हा फुलावर होता. त्या वर्षी पिशव्या बांधायचं माझ्या हातून राहिलं, तरी सात फळं वाचली. डिसेंबरात ती मांडवाला खडखडत होती, तेव्हा शेजारच्या वहिनी आल्या. त्यांच्या सासूबाईंना हवी होती एक. मी दोन दिल्या. जाताना त्यांनी बियाही मागितल्या.

कागदात बांधून देताना म्हणालो, ‘फुलं केव्हा उमलतात तेवढं बघा. संध्याकाळी उमलली, तर मला सांगा.’