दुर्रीची किंमत

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, कोणत्याही विषयावर वीस मिनिटं बोला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने मुदत ठेवींवर बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. पण ठेवींचे व्याजदर माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त पाठ आहेत. म्हणून मी ब्रिजवर बोलणार आहे. तळमजल्यावरच्या क्लबरूममध्ये बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी चार म्हातारे एक शब्दही न बोलता बसलेले दिसायचे. ते नेमकं काय करत, हे कोडं तुमच्यापैकी अनेकांना पडलेलं असणार. एका छोट्या मुलीने तर आईला विचारलेलं मी ऐकलं आहे, "आजोबांचं भांडण झालंय का गं?" तिला आणि तुम्हाला आज उत्तर देतो.

आधी एक शंका दूर करतो. पत्ते म्हटलं की 'जुगार' हा शब्द मागोमाग येतो. आमच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून एका पैशाचाही व्यवहार झालेला नाही. आणि आमच्या शब्दावर विश्वास नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचं ऐका. रमी हा जुगार आहे का, अशा एका खटल्यात १९६७ साली न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, आणि रमीत नशिबाचा भाग किती, तर ब्रिजच्या वाटपात असतो तशाच प्रकारचा, असं म्हटलं. म्हणजे मोजमाप म्हणून ब्रिजच घेतला! पुढे २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला आणि प्रणव बर्धन व शिवनाथ डे सरकार या आपल्या जोडीने सुवर्णपदक मिळवलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६. धावण्याच्या शर्यतीत हे जमलं नसतं.

आता खेळ. तुम्ही मेंढीकोट खेळला असाल तर अर्धा ब्रिज तुम्हाला येतोच. चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी तेरा पानं. उतारीच्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, मोठं पान हात जिंकतं, रंग नसेल तर हुकूम मारता येतो. फरक दोन. पहिला, खेळण्याआधी बोली लागते : आम्ही इतके हात करू, अमुक हुकुमावर किंवा बिनहुकमी. बिनहुकमीला 'नोट्रंप' म्हणतात. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने १९२५ साली एका सागरी प्रवासात गुणांची जी पद्धत आखली, तिच्यातून आजचा काँट्रॅक्ट ब्रिज आला. त्याचं तत्त्व बँकवाल्याला लगेच पटतं : जेवढं बोललात तेवढंच गेममध्ये धरलं जाईल. दुसरा फरक, बोली जिंकणाऱ्याचा भिडू पहिल्या उतारीनंतर आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. तो डमी. बोली जिंकणारा डिक्लेरर दोन्ही हातांची पानं एकटाच खेळतो.

डिक्लेररसाठी ब्रिजमधला सर्वांत मोलाचा सल्ला एकच आहे : डमी उघडल्यावर थांबा. डमीतून पहिलं पान टाकण्याआधी मोजा. हरलेल्या डावांपैकी कितीतरी पहिल्याच हाताला हरलेले असतात. कळतं ते दहाव्या हाताला. उदाहरण फळ्यावर लिहिलं होतं, ते इथे छापतो.

डिक्लेररचा हात :
इस्पिक – एक्का, राजा, ४
बदाम – एक्का, ७, ४
चौकट – ९, ५, २
किलवर – एक्का, ८, ६, ३

डमी :
इस्पिक – राणी, ६, ३
बदाम – ८, ५
चौकट – एक्का, राणी, गुलाम, १०, ४
किलवर – ९, ७, २

बोली तीन नोट्रंप, म्हणजे तेरापैकी नऊ हात करायचे. डावीकडच्याने बदामची छक्की उतरली, उजवीकडच्याने राणी टाकली. तुमच्याकडे एक्का आहे. काय कराल? सभागृहातून लगेच आवाज आला, "मारा!" तोच मोह सगळ्यांना होतो.

आता मोजू. इस्पिकचे तीन हात पक्के, बदामचा एक, किलवरचा एक. झाले पाच. चौकटमध्ये पाच पानं आहेत आणि बाहेर फक्त राजा मोठा. तो डावीकडे असेल तर आपल्या हातातून नव्वी खेळून त्याला पकडता येईल. उजवीकडे असेल तर एक हात जाईल, पण बाकीचे चार आपलेच. पाच आणि चार नऊ. म्हणजे चौकटचा राजा कुणाकडेही असो, हिशोब जमतो. मग काळजी कसली? बदामची. बाहेर आठ बदाम आहेत. ते डावीकडे पाच आणि उजवीकडे तीन असे असू शकतात. पहिल्याच हाताला एक्का मारला, चौकटचा हात उजवीकडच्याकडे गेला, तर तो बदाम परत करेल आणि डावीकडचा चार बदाम वसूल करेल. चार आणि चौकटचा राजा मिळून पाच. काँट्रॅक्ट एकाने बुडालं.

म्हणून एक्का धरून ठेवायचा. पहिला हात सोडा, दुसरा सोडा, तिसऱ्याला एक्का मारा. आता उजवीकडच्याचे तिन्ही बदाम संपले. खुशाल चौकटची नव्वी खेळा. उजवीकडच्याने राजाने हात घेतला तरी भिडूला द्यायला त्याच्याकडे बदामच नाही. आणि बदाम चार-चार वाटले गेले असतील तर? मग बदामचे तीन आणि चौकटचा एक, असे चारच जातात. तेही परवडतं. दोन हात आपणहून सोडले म्हणून नऊ हात झाले.

वाटणीबद्दल सरावाने येणारी आणखी एक गोष्ट सांगतो. एखाद्या रंगाची सहा पानं प्रतिस्पर्ध्यांकडे असतील तर ती तीन-तीन असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तीन-तीन शंभरात सुमारे ३६ वेळा, चार-दोन ४८ वेळा. पण पाच पानं बाहेर असतील तर तीन-दोन वाटणी ६८ वेळा होते. सम संख्या सारखी वाटली जात नाही, विषम मात्र जवळजवळ सारखी वाटली जाते. एवढं लक्षात ठेवलं तरी तुम्ही निम्म्या क्लबच्या पुढे गेलात.

आता डिफेन्स, म्हणजे बोली हरलेल्या जोडीचा बचाव. हा ब्रिजमधला सर्वांत अवघड भाग. डिक्लेररला आपल्या बाजूची सव्वीसही पानं दिसतात. बचाव करणाऱ्यालाही सव्वीसच दिसतात, पण त्यातली तेरा डमीची. भिडूकडे काय आहे ते कळत नाही आणि विचारताही येत नाही. भुवई उंचावणं, सुस्कारा सोडणं, पान आपटणं, सगळं नियमबाह्य. मोठ्या स्पर्धांत तर भिडूचा चेहरा दिसू नये म्हणून टेबलावर आडवा पडदा लावतात. बोलायचं ते फक्त पानांनी. आणि त्या भाषेत गुपित नसतं. तुमच्या पानांचा ठरलेला अर्थ काय, हे प्रतिस्पर्ध्याने विचारलं तर सांगावंच लागतं.

या भाषेतला एक साधा नियम : डिक्लेररच्या रंगात आपली पानं सम असतील तर आधी मोठं, मग लहान. विषम असतील तर आधी लहान, मग मोठं. हा नियम कसा कामाला येतो, ते आमच्या टेबलावरच्या एका डावातून सांगतो. सी विंगमधले, रेल्वेतून निवृत्त झालेले माझे भिडू तुम्हा सर्वांना आठवत असतील. डावीकडे म्हणजे माझ्यासमोर ते, मधे डमी, आणि मी.

डमी :
इस्पिक – ७, ४, २
बदाम – ८, ६, ३
चौकट – राजा, राणी, गुलाम, १०, ४
किलवर – ८, ५

माझा हात :
इस्पिक – १०, ८, ५
बदाम – ७, ४, २
चौकट – एक्का, ८, ३
किलवर – राणी, गुलाम, १०, ४

बोली पुन्हा तीन नोट्रंप. भिडूंनी बदामची राणी उतरली, डिक्लेररने एक्क्याने घेतली आणि चौकटची नव्वी खेळली. डमीकडे पाहा. चौकट सोडून तिथे एकही मोठं पान नाही. म्हणजे डिक्लेररच्या हातातले चौकट संपल्यावर माझा एक्का पडला, तर डमीतले उरलेले चौकट तसेच अडकून पडणार. पहिला हात सोडायचाच. पण एक्का दुसऱ्या हाताला घ्यायचा की तिसऱ्या? डिक्लेररकडे दोन चौकट असतील तर दुसऱ्याला घ्यायला हवा. तिसऱ्यापर्यंत थांबलो तर एक हात फुकट जातो. तीन असतील तर तिसऱ्यापर्यंत थांबायला हवं. दुसऱ्याला घेतला तर त्याच्याकडे डमीत जायला एक चौकट शिल्लक राहतो आणि तो चौकटचे चार हात करतो. माझ्या तेरा आणि डमीच्या तेरा पानांत याचं उत्तर कुठेच नव्हतं.

भिडूंनी टाकली दुर्री.

लहान पान आधी, म्हणजे विषम. त्यांच्याकडे तीन. डमीत पाच, माझ्याकडे तीन, त्यांच्याकडे तीन, झाले अकरा. तेरातून अकरा गेले, डिक्लेररकडे दोन. दुसऱ्या चौकटला मी एक्का घेतला. डिक्लेररकडे इतर रंगांत सात पक्के हात होते, चौकटचा एकच मिळाला. आठ. एक हात कमी. त्यांनी दुर्रीऐवजी सत्ती टाकली असती, तर मी तिसऱ्यापर्यंत थांबलो असतो आणि त्याचे नऊ झाले असते. त्या डावात माझ्याकडे एक्का होता खरा, पण काँट्रॅक्ट बुडवलं ते त्यांच्या दुर्रीने.

बँकेत दिवसअखेर लेजर जुळवताना एका बाजूची बेरीज कळली की दुसरी बाजू आपोआप सापडते. ब्रिजमध्ये ती बेरीज नेहमी तेरा. प्रत्येक रंगात तेरा, प्रत्येक हातात तेरा. डिक्लेररचे पाच इस्पिक, चार बदाम, तीन चौकट दिसले की त्याच्याकडे किलवर एकच, हे सांगायला जादू लागत नाही. लागतं ते लक्ष, आणि भिडूने टाकलेल्या बारीक पानाकडेही पाहण्याची सवय. आमचे भिडू म्हणायचे, एक्का कुणालाही दिसतो. बावीस वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. डाव संपेपर्यंत भिडूला दोष द्यायचा नाही आणि चहा येईपर्यंत मागच्या डावाची चर्चा करायची नाही, हे त्यांनी घातलेले दोन नियम. दुसरा आम्ही वारंवार मोडला. पहिला एकदाही नाही.

गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून आम्ही तिघे आहोत, आणि तिघांत ब्रिज होत नाही. काही दिवस आम्ही तिघांनी रमी खेळून पाहिली. मन लागलं नाही. आता समितीने विचारलं आहे की वापर नसेल तर बुधवार-शनिवारची ती वेळ दुसऱ्या उपक्रमाला द्यावी का. प्रश्न अगदी रास्त आहे. क्लबरूम सर्वांची आहे. मी तीन महिन्यांची मुदत मागितली आहे, आणि आजचं भाषण हा त्या मुदतीतला माझा पहिला हप्ता समजा.

ब्रिजने स्मरणशक्ती वाढते, आयुष्य वाढतं, असं मी सांगणार नाही. मी डॉक्टर नाही. एवढं खात्रीने सांगतो की त्या दोन तासांत गुडघा, रक्तदाब आणि अमेरिकेतल्या मुलाचा न आलेला फोन, यांतलं काही आठवत नाही. ज्यांच्या घरी संध्याकाळ फार लांबते, आणि आपल्या सोसायटीत अशी घरं आता वाढली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यायला काही यावं लागत नाही. मेंढीकोट येत असेल तर उत्तम, नसेल तर पहिल्या बुधवारी चार रंग ओळखण्यापासून सुरुवात करू. महिलांनी तर जरूर यावं. पंचवीस वर्षांत एकही भगिनी टेबलावर आली नाही, कारण आम्ही कधी बोलावलंच नाही. कॉलेजमधल्या मुलांनीही यावं, मोबाइल बाहेर ठेवण्याच्या अटीवर. मोठ्या छपाईचे पत्ते आणून ठेवले आहेत, त्यामुळे मोतीबिंदूची सबब चालणार नाही. चहा पाळीपाळीने.

वेळ संध्याकाळी पाच. एक खुर्ची आज रिकामी आहे. आठ जण जमले तर दुसरं टेबल मी माझ्या घरून आणीन.